लाइन भरलेली दिसली पाहिजे

हडपसरच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम चाले आणि नम्रता त्या लाइनीची सुपरवायझर होती. भाद्रपदात लाइनीवरच्या मुली गळायला लागल्या. आधी ताप, मग ओकाऱ्या, मग डोळे पिवळे. बहुतेक जणी वाशीम-यवतमाळकडच्या आणि राहायला सगळ्या दत्तोबांच्या खोल्यांत. दत्तोबा मूळचे हडपसरचेच शेतकरी. शेत मोडून त्यांनी खोल्या बांधल्या होत्या आणि विहिरीचं पाणी नळांना जोडलं होतं. त्या विहिरीत आता गटार झिरपत होतं. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं.

नम्रताने ते दत्तोबांना सांगितलं आणि कारखान्याचे मालक जयसिंग यांच्या कानावरही घातलं. जयसिंग म्हणाले, "आपण कारखाना चालवतो, पाणीपुरवठा नाही. नव्या मुली घ्या."

नव्या घेतल्या. त्याही स्वस्त म्हणून दत्तोबांकडेच उतरल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांतल्या निम्म्या आडव्या झाल्या. माल वेळेवर जाईना. तशात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे बद्रीनाथ पाहणीला येणार असल्याचं कळलं. दुप्पट मोठी नवी लाइन याच कारखान्यात टाकायची की दुसरीकडे, हे ते ठरवणार होते.

"त्या दिवशी लाइन भरलेली दिसली पाहिजे," जयसिंग म्हणाले. "कशी, ते मला सांगू नका."

नम्रता आजारी मुलींना फोन करत सुटली. बऱ्याच जणींनी उचललाच नाही. ऋतुजाने उचलला.

"येईन ना, मॅडम. उभं राहाले जमते मले."

आवाज पार खोल गेला होता. नम्रताला ते कळलं, तरी ती "ये" म्हणाली.

पाहणीच्या दिवशी बद्रीनाथ सगळीकडे फिरले आणि नेमके ऋतुजापाशी थांबले. एकच वायर ती तिसऱ्यांदा बांधत होती.

"बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

"उपास आहे तिचा," जयसिंग हसत म्हणाले. "नवरात्र ना."

ऋतुजाने मान हलवली आणि दुसऱ्याच क्षणी टेबलाची कड धरून खाली बसली. नम्रता धावली. मुलीचं अंग चटका बसेल इतकं तापलं होतं. तिला मांडीवर घेऊन नम्रता म्हणाली, "उपास नाही, साहेब. कावीळ आहे. रजेवर होती, मीच बोलावून घेतलं."

जयसिंगांचा चेहरा उतरला. बद्रीनाथांनी आधी गाडी बोलावायला सांगितलं, मग विचारलं, "पुढच्या वर्षी हे होणार नाही?"

"छे, प्रश्नच नाही," जयसिंग म्हणाले.

बद्रीनाथ मात्र नम्रताकडेच बघत होते. तिला 'हो' म्हणवेना.

ऋतुजा बरेच दिवस दवाखान्यात होती. वाचली. भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला. नवी लाइन परराज्यात गेली.

"सत्य बोललात, अभिनंदन," जयसिंग नम्रताला म्हणाले. "आता नव्या लाइनीच्या भरतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायांनाही सांगून या, की ती लाइन गेली."

ती गेली आणि फाटकाबाहेर ताटकळलेल्या बायांना तिने सांगितलं. एकीने तिला शिवी दिली. ती तिने ऐकून घेतली.

फाटकाशीच दत्तोबा भेटले. "ताई, पोरी कवा येनार परत? खोल्या रिकाम्या पडल्यात."

"आधी पाणी नीट करा."

"खोल्या भरल्या व्हत्या तवा कुनी म्हनलं न्हाई," ते पडेल आवाजात म्हणाले. "आता कशाच्या जिवावर पाइप टाकू?"

"मी म्हणाले होते, दत्तोबा."

म्हातारा मान खाली घालून निघून गेला.

दिवाळीनंतर ऋतुजाचा फोन आला. आवाज सुधारला होता. "मॅडम, माही जागा हाये ना अजून?"

जागा होती. काविळीची बातमी पसरल्यापासून ती भरायला माणूस मिळत नव्हतं. नम्रता म्हणाली, "आहे. पण त्या खोलीत राहायचं नाही आता."



"मंग कुठं राहू, मॅडम?"

नम्रता आठवू लागली. धायरीपासून कसबा पेठेपर्यंत ओळखीचं एकेक घर तिने मनातल्या मनात पाहिलं. ऋतुजाच्या पगारात परवडेल आणि नळाचं पाणी न उकळता पिता येईल, अशी एकही खोली तिला सुचली नाही.