माईंचं नवं सोवळं

जयूच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या नानाखेडा वस्तीला ठाऊक. विजयालाही ठाऊक होतं. तरी सख्खी नणंद म्हणून विश्वासाने गुपित सांगून बसली. आता भोगा!

झालं होतं असं. त्र्याण्णव साली विजयाच्या नवऱ्याने, सुहासने, फ्रीगंजच्या बाजारातून आईसाठी सोवळ्याचं लुगडं आणलं. बाजार नुकता खुला झालेला, दुकानं चकचकीत मालाने फुगलेली. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, एकदम शुद्ध सिल्क!" चार वर्षं माई तेच नेसून देवाचा आणि पितरांचा स्वयंपाक करत होत्या. गेल्या दिवाळीत अनारसे तळताना पदराने पेट घेतला. रेशीम असतं तर जळून राख झाली असती. हे मेलं वितळलं आणि माईंच्या दंडाला चिकटलं. डॉक्टरांनी चिमट्याने सोलून काढलं आणि म्हणाले, "माताजी, ये तो पूरा प्लास्टिक है."

त्या दिवसापासून घरात प्लास्टिकचा धागाही नको म्हणून सून इरेला पेटली. विजयाची बहीण मीना अल्मोड्याला राहते. तिकडे डोंगरातल्या बायका भांगेच्या झाडाच्या सालीचं सूत काढून कापड विणतात. विजयाने गठ्ठाच मागवला. चादरी, पंचे, पडदे, सुहासचे सदरे, सगळं त्याचंच. माईंसाठी दोन पट्टे जोडून लुगडं केलं, भैरवगढच्या ठसेवाल्यांकडून त्याच्यावर लाल काठ छापून घेतला. फक्त माईंना खरं सांगितलं नाही. सांगणार कसं? माईंचा धाकटा भाऊ भांगेपायी वाया गेला आणि घाटावर बेवारशासारखा मेला. तेव्हापासून शिवरात्रीचा भांगेचा प्रसादसुद्धा या घराचा उंबरा ओलांडत नव्हता. "पहाडातला ताग आहे, माई," विजया म्हणाली. माईंनी कापडावरून हात फिरवला. "खरखरीत आहे गं, पण अंगाला थंड वाटतं," म्हणाल्या आणि नेसल्या.

आज सासऱ्यांचं श्राद्ध होतं. माईंनी पहाटेपासून त्या दुखऱ्या हाताने खीर, वडे, अळू, आमसुलाची चटणी रांधली होती. यज्ञेश्वर गुरुजी आले. सोवळ्यात तसूभर शंका आली तर भरल्या पानावरून उठणारा माणूस! सुहासने त्यांचे पाय धुतले आणि पुसायला पंचा पुढे केला.

"हे कसलं कापड रे?" गुरुजींनी पंचा चिमटीत धरला.

 विजया तोंड उघडणार तोच जयू कौतुकाने म्हणाली, "भांगेच्या झाडाचं, गुरुजी! वहिनीने सगळं घरच बदलून टाकलंय. माईचं सोवळंही त्याचंच."

 जयूने जीभ चावली, पण आता काय उपयोग? माई स्वयंपाकघराच्या दारात वाटी धरून उभ्या होत्या.

"विजू, हे खरं?"

"खरं आहे, माई." विजया पुढे आली. "तुम्ही नेसला नसतात. आणि ते प्लास्टिक पुन्हा तुमच्या अंगावर मला बघवलं नसतं."

गुरुजींनी पंचा खाली ठेवला. "सणाचं, म्हणजे तागाचं, वस्त्र शास्त्रात आहे. भांगेचं माझ्या वाचनात नाही. बाई, या सोवळ्यातला स्वयंपाक पितरांना चालेल, असं मी कसं म्हणू?" आणि ते उठायला लागले. ते गेले की श्राद्ध मोडलं. दुसरा ब्राह्मण या पितृपंधरवड्यात ऐन दुपारी कुठून आणणार? विजयाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"बसा, गुरुजी," माई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता, पण गुरुजी बसले.

"चार वर्षं मी प्लास्टिक नेसून ह्यांचं श्राद्ध रांधलं. तुम्ही पोटभर जेवलात, आशीर्वाद देऊन गेलात. चकाकत होतं, म्हणून कोणी विचारलं नाही." माईंनी दंडावरचा पदर बाजूला केला. कातडी अजून तांबडी, आवळलेली होती. "या झाडाच्या पानांनी माझा भाऊ नेला. त्याचं नाव घेतलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण चुलीपाशी उभं राहायची मला दहशत बसली होती. याच्या सालीने मला परत तिथे उभं केलं. दोष असला तर माझ्या माथी. ह्यांना काय ते मी वर गेल्यावर सांगेन."

गुरुजींनी दंडाकडे पाहिलं, मग खाली ठेवलेल्या पंच्याकडे. मग तोच उचलून त्यांनी पाय पुसले आणि सुहासला म्हणाले, "आचमन कर."

श्राद्ध पार पडलं. गुरुजींनी खीर दोनदा मागून घेतली. पण माई दिवसभर विजयाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. संध्याकाळी लुगडं स्वतः धुऊन, काठीने उंच वळणीवर टाकताना त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "हे मी टाकणार नाही."

विजयाचे डोळे भरून आले. "माई..."

"पण आता तू ताग म्हणालीस तरी मी आधी चार जणांना विचारेन. मीठ म्हणालीस तरी चाखून बघेन. कळलं?"

"कळलं," विजया म्हणाली. आणि पुढे कितीतरी महिने माई खरोखरच प्रत्येक डबा उघडून, चिमूटभर जिभेवर ठेवून बघत राहिल्या, आणि विजया शेजारी उभी राहून ते मुकाट बघत राहिली.