मागची फळी

श्रीधररावांनी हातोडीच्या दांड्याने बोटीच्या मागच्या फळीवर ठोका दिला, कान फळीपाशी नेला आणि मग तोंड वाकडं करून मागे पाहिलं. जणू फळीने नव्हे, नानासाहेबांनीच चुकीचं उत्तर दिलं होतं.

"काय म्हणती फळी?" नानासाहेबांनी विचारलं.

"थांबा जरा."

थांबा म्हटलं की माणसं थांबतात, हे सुख श्रीधररावांनी पाणीपुरवठा खात्याच्या नोकरीत अठ्ठावीस वर्षं उपभोगलं होतं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती आणि शहरात, गारखेड्यातल्या घरात त्यांच्या सांगण्यावरून आता दूधवालाही थांबत नसे. नानासाहेब मात्र थांबले. इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटांत तीन अंगठ्या आणि पायांत गाळाने माखलेले नवेकोरे बूट. धरणाच्या गाळात असले बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल आणखी काही जाणून घ्यायची गरज श्रीधररावांना वाटत नव्हती. त्यांची शेंद्र्याकडची जमीन कारखान्यांना गेली, त्या पैशावर बायपासला लग्नाचं लॉन उभं राहिलं, आणि आता स्वारीच्या डोक्यात बोटिंग शिरलं होतं. शहरात नळाला पाचव्या दिवशी पाणी. धरणात उरलंय ते तळाशी. आणि हा गृहस्थ वीस वर्षांच्या जुन्या बोटीला चाळीस-चाळीस हॉर्सपॉवरची दोन नवी इंजिनं लावायला निघालेला!

तरीही श्रीधरराव आले होते. "साहेब, तुमचीच बोट हाय, तुमच्याइतकी कोण वळखतं तिला?" असं नानासाहेब फोनवर म्हणाले होते, आणि ते खरं होतं. शिवाय न्यायला गाडी पाठवली होती आणि गाडीत एसी होता.

बोट पाण्यापासून चांगली दीडशे पावलं दूर, भेगा पडलेल्या गाळात दोन ओंडक्यांवर चढवून ठेवलेली होती. एके काळी ती सरकारी होती. शहराला पाणी उपसणाऱ्या विहिरीपर्यंत साहेबलोकांची ने-आण करायची, आणि त्या साहेबलोकांत श्रीधरराव पहिले. पुढे ती लिलावात निघाली, नानासाहेबांनी घेतली, आणि ती चालवणारा पुंजाराम तिच्यामागोमाग नानासाहेबांकडे आला. "बोटीवर पुंजाराम फुकट मिळाला," असं श्रीधरराव हसत हसत सांगत. रोजंदारीवर आयुष्य काढलेल्या माणसाबद्दल याहून जास्त काही बोलावं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पुंजाराम दोन पावलं मागे उभा होता. अनवाणी, खांद्यावर टॉवेल.

"हे इंजिन शेवटचं कधी उघडलंस?"

"मागल्या महिन्यात, साहेब. पलग साफ केले."

"प्लग साफ करणं म्हणजे इंजिन उघडणं नव्हे."

"व्हय साहेब."

"काय व्हय?"

"नव्हं, साहेब."

श्रीधररावांनी नानासाहेबांकडे पाहिलं. असल्या माणसांकडून मी वर्षानुवर्षं काम करून घेतलंय, असं त्यांना म्हणायचं होतं.

नानासाहेब म्हणाले, "माझं सरळ हाय बघा. इंजिनं बसत असतील तर श्रावणापत्तोर धंदा चालू करायचा. पानी काय, येतंच कधी ना कधी. आन् बोटीतच दम नसंल, तर नेतो लॉनवर. माती भरतो, झेंडू लावतो. नवरा-नवरी फोटो काढतील तिच्यात."

"उत्तम कल्पना आहे," श्रीधरराव म्हणाले. या माणसाला टोमणाही कळत नाही, ही त्यांची आणखी एक तक्रार होती.

बोट झेंडूला गेली तर पुंजारामला काम उरणार नव्हतं. हे तिघांनाही कळत होतं. पुंजाराम धरणाच्या चिंचोळ्या पाण्याकडे बघत उभा होता.

श्रीधरराव पुन्हा ठोके देऊ लागले. कडेला ठणठणीत आवाज येत होता. मधोमध, जिथे इंजिन अडकवतात नेमकं तिथे, भद्द. त्यांनी खिशातला चाकू उघडला आणि रंग खरवडायला घेतला. दर उन्हाळ्यात मारलेल्या निळ्या रंगाचे थर खपल्यांसारखे निघाले आणि खाली पुट्टी भरून बुजवलेलं एक बारीक भोक दिसलं. चाकूचं टोक आत घातल्याबरोबर ओला, तपकिरी भुसा बाहेर आला.

"बघा!" श्रीधररावांचा आवाज चढला. कित्येक वर्षांनी तो असा चढायला मिळाला होता. "खिळा! फायबरच्या बोटीला खिळा! अहो, वरून फायबरचा पातळ थर असतो आणि आत प्लायवूड. भोक पडलं की पाणी आत शिरतं, आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. आतल्या आत कुजतं सगळं. बैलगाडी वाटली का ही, खिळे ठोकायला?"

"कुजलं व्हय?" नानासाहेब वाकून बघू लागले.

"भुगा झालाय. आणि हा एकच नाही, हा बघा दुसरा. अक्कल गहाण टाकलेल्या माणसाचं काम आहे. मला एकदा तो माणूस भेटायला हवा होता. हा तिसरा. दुसऱ्यापासून बरोबर दोन..."

ते थांबले.

तिसरं भोक दुसऱ्यापासून बरोबर दोन इंचांवर होतं. चौथंही. सगळी एका रेषेत, केसाचाही फरक नाही. पाचव्याच्या शेजारी, रंगाच्या सगळ्यात खालच्या थरावर, शिसपेन्सिलीची फिकट रेघ होती. बोटीवर हार लावायला खिळा ठोकताना आधी पट्टीने मोजून पेन्सिलीची रेघ मारणारा माणूस त्या सबंध खात्यात एकच होता.

खंडेनवमीला धरणावरच्या पंपघरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची आणि शेवटी सगळे बोटीकडे यायचे. भटजी लागायचा नाही. सोवळं नेसून, शुद्ध उच्चारांत मंत्र म्हणून श्रीधरराव स्वतः पूजा सांगत, आणि सगळ्या पंपघरात एवढं शुद्ध कुणालाच येत नाही, हे पूजेनंतर पेढे वाटताना दोनदा तरी सांगत. पहिल्या वर्षी पुंजाराम झेंडूचा हार इंजिनाला सुतळीने बांधायला निघाला होता. "सुतळीने कडब्याची पेंढी बांधतात," असं म्हणून त्यांनी त्याच्या हातातला हार घेतला होता आणि फळीवर खिळा ठोकला होता. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी खिळा उपटायचा, कारण गंजलेला खिळा त्यांच्या डोळ्यांना खुपत असे. पुढच्या वर्षी नवा हार, नवा खिळा, दोन इंच पुढे. अशी अकरा वर्षं. पुढची भोकं खरवडून बघायची आता गरज नव्हती.

त्यांनी चाकू मिटला.

"कुणी ठोकले असतील वो?" नानासाहेबांनी विचारलं.

श्रीधरराव चाकू खिशात घालू लागले.

"माझ्याच हातचे असतील," पुंजाराम म्हणाला. "हार लावाया. तवा येवढं कळत नव्हतं, साहेब."

तो अजूनही पाण्याकडेच बघत होता. श्रीधररावांच्या घशात शब्द आला होता. एकच शब्द, 'मी'. तो बाहेर पडायच्या आत, इतक्या वर्षांच्या सवयीने, दुसरंच काहीतरी बाहेर पडलं.

"यापुढे विचारत जा," ते म्हणाले.

"व्हय साहेब."

गाडीत बसल्यावर एसीचा गारवा अंगावर आला तरी त्यांना बरं वाटेना. नानासाहेब स्वतः गाडी चालवत होते. बिडकीन गाव मागे पडलं. रस्त्याच्या कडेला टँकरची रांग लागली होती आणि रांगेच्या डोक्यावर नव्या इमारतींची जाहिरात होती: चोवीस तास पाणी. एरवी एवढ्या ऐवजावर श्रीधररावांनी शहर येईपर्यंत तोंडसुख घेतलं असतं.

"तर मंग इंजिनं घिऊ का नको?"

"नको." या प्रश्नाला उत्तर होतं, म्हणून ते भराभर बोलू लागले. "मुळीच नको. तेवढं वजन आणि तेवढा जोर त्या फळीवर आला, तर भर पाण्यात फळी इंजिनांसकट उखडून निघेल. बोटीत माणसं असतील. फळी मुळापासून कापून काढा आणि नवी बसवा. पुण्या-मुंबईकडे फायबरचे मिस्त्री मिळतात. आणि इंजिन जुनंच ठेवा, हलकं आहे. बोट हळू चालेल, पण अजून दहा वर्षं चालेल."

"म्हंजे झेंडू नाय लावायचे."

"नाही."

"पुंजाराम बी हेच म्हणत हुता. फळी बदला, इंजिन हेच ऱ्हाऊ द्या."

"मग मला कशाला आणलंत?" श्रीधरराव तडकले.

"त्यो अडाणी. म्हणलं, शिकल्याल्या माणसाचं मत घ्यावं."

श्रीधरराव खिडकीबाहेर बघू लागले. शहर जवळ आलं तेव्हा नानासाहेब पुन्हा बोलले.

"बोटीचं झालं. आता माणसाचं सांगा. बोट कुजवणारा माणूस बोटीवर ठिवावा का? तुम्ही काढ म्हणलं तर उद्याच काढतो. तुमच्या शब्दाबाहेर नाय."

"तो... जुना माणूस आहे."

"जुना हाय म्हणून तर खिळे ठोकले."

श्रीधररावांनी मनातल्या मनात हिशोब मांडून पाहिला. पुंजारामला कुठेही काम मिळेल, ही माणसं कशीही जगतात. त्याने आपण होऊन अंगावर घेतलं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि या अंगठीवाल्यासमोर, ज्याला प्लायवूड आणि फळकूट यांतला फरक कळत नाही त्याच्यासमोर, आपण मान खाली घालायची? सगळे मुद्दे बिनतोड होते. तरी प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी तो अनवाणी माणूस पाण्याकडे बघत उभा दिसायचा, आणि 'यापुढे विचारत जा' हे स्वतःचं वाक्य कानात पुन्हा ऐकू यायचं. इतकं हलकट वाक्य आपण आयुष्यात बोललो नाही, असं त्यांना वाटलं. मग आठवू लागलं, की बोललो आहोत.

गारखेड्यात गाडी त्यांच्या इमारतीसमोर थांबली. नानासाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत होते.

"मंग काय करू? काढू?"

श्रीधररावांनी दाराची कडी धरली, पण दार उघडलं नाही.

"ते खिळे मी ठोकलेत," ते म्हणाले. "अकराच्या अकरा. पुंजारामने एकही नाही."

"व्हय," नानासाहेब म्हणाले.

"व्हय म्हणजे?"

"मालूम हाय मला. पुंजारामनंच सांगितलं, चार दिवसांखाली. फळी कामून कुजली म्हणून म्या खोदून खोदून इचारलं, तवा."

"मग मघाशी तिथे तुम्ही..."

"त्यानं मला शपथ घातली हुती. म्हणला, फळीचं साहेबांना खुशाल इचारा, पर खिळ्याचं काढू नका. लई मनापासून पूजा करायचे, त्यांच्या जिवाला लागंल." नानासाहेबांनी काचेवरची धूळ वायपरने एकदा पुसली. "म्या काढलंच नाय. तुम्हीच काढलं."

रस्त्यावरून एक टँकर गळत गळत गेला. श्रीधररावांना काहीतरी बोलायचं होतं. पुंजारामला काढू नका, असं तरी. पण नानासाहेबांना ते मुळात विचारायचंच नव्हतं, हे आता उघड होतं.

"मग इतका वेळ मला कशाला विचारत होता, काढू का म्हणून?"

नानासाहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर श्रीधररावांच्या चांगलीच ओळखीची होती. अकरा वर्षं त्या बोटीत बसून त्यांनी पुंजारामकडे तसंच पाहिलं होतं.

"उतरा," नानासाहेब म्हणाले. "घर आलं तुमचं."