चष्म्यातला उजेड

बाबांचा आवाज जायला एक दिवस उरला होता, आणि त्यांची मुलगी बेडकी कॅमेऱ्याच्या लेन्सशी झगडत होती.

बाबा म्हणजे पोहायला शिकवणारे मास्तर. उभा जन्म तलावाच्या काठावर ओरडण्यात गेला. आता गळ्यात गाठ निघाली, आणि डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटीच काढावी लागेल. मुलगी लग्नसमारंभांचं चित्रीकरण करायची. लहानपणी ती पाण्यात पाय फेकायची ते बघून बाबांनी तिचं नाव बेडकी ठेवलं, ते तिशी ओलांडली तरी सुटलं नव्हतं. लोकांच्या जावयांचे आवाज ती नीट टिपते; मग बापाचा नको का? संध्याकाळी दवाखान्यात भरती, त्याआधी घरीच बाबांचं चार शब्दांचं बोलणं घ्यायचं ठरलं.

"फोनवर घे की," आई म्हणाली.

पण नाही! बेडकीला बाबांचे डोळे तेवढे स्पष्ट आणि मागची खोली लोण्यासारखी विरघळलेली हवी होती. तिची ती लाडकी लेन्स पुष्कळ उजेड पिते, पण फोकस हातानंच लावावा लागतो. बाबांनी जरा मान हलवली की डोळे धूसर आणि कान स्पष्ट. हेडफोनची वायर कॅमेऱ्याला हिसका देत होती, म्हणून तिनं हेडफोन काढून ठेवले.

वायरलेस माइक बाबांच्या कॉलरच्या आत चुंबकानं अडकवलेला होता. त्याचा आवाज झेलणारा रिसीव्हर कॅमेऱ्याच्या डोक्यावर होता, आणि त्याच्या पडद्याचा उजेड बाबांच्या चष्म्यात नेमका बुबुळावर चमकत होता. तिनं बटण दाबून पडदा मालवला. बाबांनी घसा खाकरला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. ती फोकसची गोल कडी फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नुसतं बसलं तर वेड लागेल, म्हणून बेडकीनं लॅपटॉप उघडला.

चित्र देखणं होतं. बाबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

तिनं आवाज वाढवला, मागे गेली, पुढे गेली. मग तिच्या लक्षात आलं. बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं होतं. पडदाच नव्हे, सगळा रिसीव्हरच बंद झाला होता. वर त्याची वायर कॅमेऱ्यात खोचलेली, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे कानही बंद. हजार लग्नं केलेल्या बाईची ही अक्कल! आत बाबांच्या गळ्यावर सुरी चालत होती, आणि आता कुणाच्याही हातात काही नव्हतं.

"काय गं, पांढरीफटक पडलीस?" आईनं विचारलं.

"आई, आवाज आलाच नाही. मी घालवला."

आईनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

मग बेडकीला आठवलं: माइकला स्वतःची थोडीशी स्मरणशक्ती असते. रिसीव्हर बंद असला तरी तो आपल्या पोटात साठवत राहतो. पण माइक कुठंय? कॅमेऱ्याची बॅग उपसली, गाडीपर्यंत धावत जाऊन सीटखाली हात घातले. परत आली तर आई म्हणाली, "कालच्या शर्टाला काहीतरी टोचतंय बघ." काखेत कळसा नि गावाला वळसा. माइक कॉलरच्या आतच राहून गेला होता, आणि तो शर्ट आईच्या मांडीवरच्या पिशवीत होता.

तिनं माइक लॅपटॉपला जोडला. यंत्र जुनं, लहान पोटाचं. भरलं की सर्वांत आधीचं पुसून नवं लिहितं. भाषण गेलं होतं. एक शब्दही उरला नव्हता. उरली होती ती भरतीनंतरची संध्याकाळ, बॅटरी संपेपर्यंतची.

दोघींनी हेडफोनचा एकेक कान घेतला. पलंगाची कुरकुर. उशी दगडासारखी आहे म्हणून बाबांची कटकट. "बेडकी जेवली का? त्या कॅमेऱ्यापायी ती उपाशी राहते." मग आईचा आवाज, चहा घेऊन येते म्हणून. दार लागलं.

मग बाबांनी हलक्या आवाजात हाक मारली, "बेडके."

थांबून पुन्हा. आधी तलावाच्या काठावरची, दटावणीची. मग जेवायला बोलावण्याची. मग ताप आला असताना कपाळावर हात ठेवून मारायचे ती. एकेक करून सगळ्या हाका त्यांनी मारून पाहिल्या.

"कुणाला हाका मारताय काका?" परिचारिकेचा आवाज.

"मुलीला. उद्यापासून टाळी वाजवावी लागणार, म्हटलं आज मारून घ्याव्यात."

आईनं पदर तोंडाला लावला. बेडकी तिथंच, लोकांसमोर, हमसून रडली.

संध्याकाळी दोघींना आत सोडलं. गळ्याभोवती पट्ट्या, नळ्या, डोळे अर्धवट मिटलेले. बाबांचा उजवा हात चादरीवरून सरकला आणि दोन बोटं डाव्या तळव्यावर आपटली. एकदा, पुन्हा एकदा. आवाज जवळजवळ झालाच नाही.

"त्यांना काही हवंय का?" परिचारिका पुढे झाली.

"नाही, मला बोलावतायत," बेडकी म्हणाली. "आले, बाबा."