टाय-ब्रेक आणि सत्यनारायण

वेदिकाच्या घरात एक नियम असा होता, की तो मोडायची हिंमत तिच्या वडिलांचीही नव्हती: फूल तोडताना त्याचा वास घ्यायचा नाही. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. नियम आजीचा, म्हणजे कुसाबाईचा. साठ वर्षं मखमलाबादच्या मळ्यात निशिगंध खुडला, पण फुलाला एकदाही नाक लावलं नाही, हे ती दर दिवाळीला पाहुण्यांना न चुकता ऐकवायची.

फुलांनी मात्र असा काही नियम पाळायचं कबूल केलेलं नव्हतं. वेदिका पहाटे साडेपाचला कळ्या खुडायची, सातला सायकल हाणत क्लबच्या टेनिस कोर्टावर पोचायची, आणि तिच्याआधी तिचा वास पोचायचा.

"आला गं, सत्यनारायण आला!" प्रतिभा ओरडायची. "प्रसाद आणलास का?"

प्रतिभा म्हणजे तिची डबल्सची जोडीदार. सातपूरला वडिलांचा कारखाना, पायात पांढरेशुभ्र बूट, हातात फोटो काढणारा मोबाइल (तोही २००४ साली!), आणि बॅकहँडच्या नावाने शून्य. वेदिकाला शाळेच्या सरांनी शोधून आणलेलं, आणि तिच्याकडे बॅकहँड सोडून काहीच नव्हतं. एकीचे बूट आणि दुसरीचा बॅकहँड मिळून एक बरी खेळाडू होत होती.

त्या डिसेंबरात प्रतिभाचे पप्पा परदेशातून सेंटची बाटली घेऊन आले. नाव 'टाय-ब्रेक'. टोपण टेनिसच्या चेंडूसारखं गोल, वर खरीखुरी पिवळी लव. मोठमोठ्या टेनिसपटूंच्या विजयाचा क्षण या बाटलीत पकडला आहे, असं खोक्यावर इंग्रजीत छापलेलं. (क्षणाचा वास घेतल्यावर घामाचं काय केलं, ते छापलं नव्हतं.) किंमत प्रतिभाने तीनदा सांगितली. वेदिकाने एकदाही विचारली नव्हती.

"रविवारी फायनल," प्रतिभा म्हणाली. "जिंकलो की पुण्याची स्पर्धा. पण हे बघ वेदू, राग नको मानू हं, मी हे लावून शेजारी सत्यनारायण घेऊन पुण्याला जाणार नाही. पार्टनर कशी मॅचिंग पाहिजे. नाहीतर गंगापूर रोडची ती डावखुरी तयारच बसलीये." आणि मोठ्या मनाने तिने वेदिकाच्या मनगटावर एक, फक्त एक फवारा मारला. "हे असं. रविवारी असं यायचं. कुठून आणायचं ते तू बघ."

वेदिका एक मनगट नाकाशी धरून, एका हाताने सायकल चालवत घरी आली. पुण्याला खेळायला मिळावं म्हणून तिने वर्षभर विहिरीच्या पंपाच्या खोलीची भिंत चेंडूने बडवली होती. भिंतीचे पोपडे निघाले, आणि आता सगळं येऊन अडकलं होतं ते एका फवाऱ्यावर!

ओट्यावर हार ओवत बसलेल्या आजीने मान वर केली. "आंघोळ न करताच गेल्ती व्हय गं?"

"आजी! हे परदेशी सेंट आहे!"

"आसंल. निशिगंध हाय त्यात. आन पेरू, पिकाया आलेला. आन जरासं गवत, म्हशीपुढं टाकतो तसलं."

"तू तर जन्मात फुलाचा वास घेतला नाहीस म्हणतेस!"

"म्या घेतला नाय. त्यो आला. नाक काय खुंटीला टांगून जाती का मी मळ्यात?"

वेदिका दोन दिवस आजीशी बोलली नाही. शनिवारपर्यंत मनगटावरचा वास पार उडाला. वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींकडे चौकशी झाली. त्यांच्याकडची सेंटं फार तर गॅदरिंगच्या लायकीची होती, पुण्याच्या नाही.

रविवारी पहाटे कळ्या खुडता खुडता ती थांबली. आजी खरी असेल तर पुणं. आजी चुकली तर ती डावखुरी. मग तिने बांधावरच्या झाडाचा पिवळसर पेरू फोडला, मूठभर कळ्या चुरगळल्या, मान आणि मनगटं खसाखसा चोळली, आणि शेवटी म्हशीच्या पेंढीतलं ओलं गवतही चोळलं. म्हैस चघळायची थांबून बघत राहिली.

कोर्टावर प्रतिभा समोरून आली, अडखळली, अजून जवळ आली. वेदिकाने दोन्ही मनगटं रॅकेटमागे लपवली.

"ओ माय गॉड!" प्रतिभा किंचाळली. "मिळालं तुला? आणि माझ्यापेक्षा किती फ्रेश! तुझं ओरिजिनल आहे गं. पप्पांना फसवलं त्या दुकानदाराने!"

मग त्या जिंकल्या. म्हणजे समोरच्या जोडीने डबल फॉल्टवर डबल फॉल्ट करून त्यांना जिंकवलं, पण पेपरात असं कोण छापतं?

सत्काराच्या हारांची ऑर्डर कुसाबाईलाच होती. ती स्वतः टोपली घेऊन क्लबच्या फाटकापाशी बसली होती. पाहुण्यांनी दोघींच्या गळ्यात निशिगंधाचे हार घातले, आणि प्रतिभाने दोन बोटांनी आपला हार लांब धरला.

"शी, सत्यनारायण!" ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने वेदिकाचं मनगट ओढून त्यात नाक खुपसलं. "आह!"

वेदिकाने फाटकाकडे पाहिलं.

"घे, घे!" आजी तिकडून ओरडली. "त्यो तुझा हाय. देवाचा नाय."

वेदिकाने हारात तोंड बुडवलं आणि पंधरा वर्षांचा साठलेला वास एका दमात घेतला.

"पुणं फिक्स," प्रतिभा म्हणाली. "पण दुकान सांग. अख्खी बाटली घेणार मी."

"पुण्याला मी बॅकहँडसाठी येणार, वासासाठी नाही," वेदिका म्हणाली. "आणि दुकान मखमलाबादला आहे. उद्या साडेपाचला उघडतं. येताना टोपली आण. आणि हो, आत एक नियम आहे. खुडताना वास घ्यायचा नाही."