विमलताईंची उघडी ट्रॉली

मित्रांनो, मला हातात घेऊन बघता येणार नाही, कारण मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, म्हणजे कंप्युटरला लिहून दिलेल्या सूचना. कापूस खरेदी केंद्राच्या फाटकाशेजारी एक खोली आहे. तिथल्या कंप्युटरच्या डेटाबेसमध्ये मी राहते. जेमतेम चाळीस ओळींचा माझा देह. काम एकच, कापसाच्या गाड्यांचा क्रम सांभाळायचा आणि कुणाला पुढेमागे करायचे झाले तर बिनचूक करायचे. या क्रमाच्या रांगेला आमच्यात ॲरे म्हणतात.

बिनचूक असे मी म्हणाले खरे, पण एकदा मी चुकले. तेच आज सांगायचे आहे.

मला लिहिले घाटंजीच्या यज्ञेश्वरकाकांनी. माणूस फार सावध. एखादी गाडी पुढे घ्यायची असली तर मी सगळी रांग पुसायची आणि पहिल्यापासून नव्याने मांडायची, असे त्यांनी शिकवले होते. तेव्हा गाड्या असायच्या पन्नास-साठ. फाटकावरची भांडणे थांबली आणि लोकांनी माझे तोंडभर कौतुक केले. पुढे मोबाइलवरून नोंदणी सुरू झाली आणि आठवड्याच्या बाराशे गाड्या एकाच रांगेत आल्या. आता मांडामांडीला मला दीड मिनिट लागू लागले. फाटकावर नावे पुकारणारा उकंडा माइक खाली ठेवून म्हणायचा, "झोपली पाहा आपली म्हातारी!" ते माझ्या जिव्हारी लागायचे.

मागच्या हंगामात यवतमाळहून सलील नावाचा हुशार मुलगा आला. त्याने माझ्या पंधरा ओळी उडवल्या. एवढी पुसापुशी कशाला? ज्याला पुढे आणायचे तो आणि जो तिथे आहे तो, दोघांची अदलाबदल करायची, बस्स. त्याने चौथी गाडी तिसरी करून पाहिली आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत काम झाले. सगळे खूश झाले. मीही फुगले. शेजारच्या दोन गाड्यांची अदलाबदल केली काय आणि एक गाडी एक घर सरकवली काय, फळ सारखेच येते. लांबच्या गाड्यांचे काय होईल, हे त्याने पाहिले नाही, आणि मला विचारायला तोंड नव्हते.

मग डिसेंबरातली ती दुपार आली. भर हिवाळ्यात आभाळ काळेभोर झाले आणि वारा सुटला. मैदानात गाड्या अस्ताव्यस्त उभ्या होत्या. कोण कुणाच्या आधी, हे फक्त मला ठाऊक होते, आणि मी दाखवीन त्याच गाडीला वजनकाट्यावर घ्यायचे असा तिथला नियम होता. पुढच्या दोन-तीन गाड्यांनी ताडपत्री काढून, कापूस तपासायला उघडा करून तयार राहायचे. दुसऱ्या क्रमांकावर विमलताई होत्या. एका ट्रॉलीत त्यांच्या वर्षभराच्या कष्टाचा कापूस होता. ताडपत्री त्यांनी काढली आणि फार मागे असलेल्या रामलालला देऊन टाकली, कारण त्याची फाटकी होती. भिजलेला कापूस केंद्र घेत नाही.

त्या केंद्रावर आणखी एक रीत होती. आभाळ आले की ज्याच्याकडे झाकायला काहीच नाही, त्याची गाडी आधी घ्यायची. सत्तावन्नाव्या क्रमांकावर म्हाताऱ्या मारोतीची बैलगाडी तशी उघडी होती. उकंडाने विचारताच विमलताई म्हणाल्या, "येऊ द्या त्यायले पयले. मी त्यायच्या मागून जातो."

कंप्युटरवर मिताली बसली होती. तिने बटण दाबले. मी पटकन मारोतीला दुसरा केला आणि विमलताईंना उचलून सत्तावन्नाव्या घरात टाकले.

मारोतीची गाडी आत गेली. उकंडाने पुकारले, "तीन नंबर, शाम!"

शाम ट्रॅक्टरवरून उतरला. "माह्या आंगोदर ताई व्हत्या ना?"

उकंडाने पडद्यावर पाहिले. "बाई, तुमचा सत्तावन दाखवून राह्यला."

"सत्तावन? मी काल सकायपासून इथं उभी हाव!"

"कंप्युटर कायले खोटं बोलन?" मागून कुणीतरी ओरडले. "ट्रॉली बाजूले घ्या!"

विमलताई हलल्या नाहीत. ट्रॉलीच्या कडेला हात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. त्या खोटारड्या ठरल्या होत्या आणि साक्षीदार होते मी. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मितालीने सलीलला फोन लावला. "स्क्रिप्ट बरोबर आहे, मी तपासली होती," एवढे बोलून त्याने ठेवला.

"दाबा ना ताई बटन, आना तिले वापस," उकंडा म्हणाला.

मितालीचे बोट बटणापर्यंत गेले आणि थांबले. आता दाबले तर विमलताई तिसऱ्या होतील, पण शाम सत्तावन्नावर जाऊन पडेल. त्याचाही कापूस उघडाच होता. यज्ञेश्वरकाकांची जुनी तऱ्हा वापरावी, तर खोलीतली वीज सारखी जात-येत होती आणि कंप्युटरची बॅटरी कधीचीच मेलेली. सगळी रांग पुसली आणि तेवढ्यात वीज गेली, तर बाराशे जणांपैकी कुणालाच जागा उरली नसती.

तिने टेबलावर गाड्यांच्या क्रमांकांचे पत्र्याचे सात बिल्ले ओळीने मांडले. शेवटचा उचलला. दुसरा आणि तिसरा यांच्यामध्ये तो बसेना. मग तिने तिसऱ्यापासूनचे बिल्ले बोटाने एकेक घर मागे सरकवले आणि तो तिथे ठेवला. पहिल्या दोघांना हात लावावाच लागला नाही.

तेच तिने माझ्या ओळी बदलून मला शिकवले. हलवायचा त्याला उचल. त्याची नवी जागा आणि जुनी जागा यांच्यामध्ये जे आहेत, तेवढेच एक घर सरकव. बाकीच्यांना शिवू नकोस. आणि सगळे जमले तरच पक्के धर, मध्येच वीज गेली तर काहीच बदलू नकोस.

टिनाच्या छतावर पहिला थेंब वाजला. तिने बटण दाबले. मी चोपन्न गाड्या एकेक घर मागे नेल्या. वीज गेली नाही.

"तीन नंबर, विमलताई!" उकंडाचा आवाज चिरकला. शामने ट्रॉलीला मागून खांदा दिला. ती छपराखाली शिरेपर्यंत सर आलीच. वरचा थर भिजला आणि दोन गाठोडी कापूस बाजूला काढावा लागला. बाकीचा वाचला. शामची गाडी लगेच मागोमाग आत आली.

माप झाल्यावर विमलताई खिडकीशी आल्या. पदर ओलाचिंब होता. "पोरी, मले मागं कोनं टाकलं व्हतं?"

मला ओरडून सांगावेसे वाटले, मीच ती! मिताली माझ्याकडे बोट दाखवू शकली असती. सलीलचे नाव घेऊ शकली असती. तिने मान खाली घातली. "मी टाकलं, काकू. बटण मीच दाबलं होतं."

विमलताई म्हणाल्या, "मारोतीबुवाचा कापूस त कोरडा गेला ना?" आणि ओला पदर पिळत निघून गेल्या.

मित्रांनो, मी आजही त्याच खोलीत काम करते. तुम्ही मोठे होऊन माझ्यासारखीला लिहाल, तेव्हा तिला वेगवान जरूर करा. पण शेजारच्या दोन घरांवर तपासून समाधान मानू नका. सत्तावन्नावरून दोनवर आणून पाहा, आणि दोनवर जो होता तो कुठे गेला, तेही उठून बघून या. मला फक्त आकडा दिसतो. त्या आकड्यावर कोण उभे आहे, हे तुम्हालाच बघावे लागेल.