लॅबमधली जागा

अलमेलू अक्कांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, कपाळावर चढवलेला चष्मा खाली ओढला आणि खुर्ची मागे सारून कयलला जागा करून दिली.

"तूच बघ," त्या म्हणाल्या.

कयल वाकली. पॉलिश केलेल्या लोखंडाच्या तुकड्यात ग्राफाइटचे दाणे दिसायला हवे होते, मोहरीसारखे गोल आणि सुटे. दिसत होत्या अळ्यांसारख्या वेड्यावाकड्या रेघा. तिने तुकडा जरा सरकवला, आणखी सरकवला. सगळीकडे तेच.

"अख्खी लॅडल गेली?"

"अख्खी. तरी मी शेवटचा सोडून मधल्या साच्यातला तुकडा घेतलाय."

कयलने मान वर केली नाही. वर केली असती तर अक्कांना तिचं तोंड दिसलं असतं.

वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइट गोल होतं, आणि असं लोखंड सहजी तुटत नाही. ट्रॅक्टरच्या आसाला तेच लागतं. पण मॅग्नेशियमला दम नसतो. लॅडल, म्हणजे ओतायचं ते मोठं भांडं, फार वेळ तसंच ठेवलं की ते उडून जातं आणि खाली उरतं साधं ठिसूळ लोखंड. वरून बघून फरक कळत नाही. हे कयलला कॉलेजपासून पाठ होतं. आणि तरीही आज सकाळी तिनेच लॅडल अडवून ठेवली होती. नमुन्यात मॅग्नेशियमचा आकडा बरोबर आला होता. तिने पुन्हा नमुना घ्यायला लावला. तोही बरोबर आला, पण पहिल्याशी तंतोतंत जुळला नाही, म्हणून तिसरा. तोवर क्रेनला लॅडल लटकत होती आणि ओतणाऱ्यांचा मुकादम पळनी ती कलती करायच्या चाकावर हात ठेवून तिच्याकडे बघत उभा होता. कुणी चकार शब्द काढला नाही.

कोइम्बतूरच्या या फौंड्रीत भट्टीवर इंजिनीअर म्हणून उभी राहिलेली मुलगी तेव्हा ती एकटीच होती. दुसऱ्या पाळीचा इंजिनीअर इळंगो चुकला तर इळंगो चुकला. ती चुकली तर मुली चुकल्या, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ते कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण ते काही उगीच नव्हतं. त्यामुळे ती सगळं दोनदा तपासायची, कधी तीनदा.

माणसं मात्र देवासारखी होती. ती येण्याआधी तिच्यासाठी वेगळं स्वच्छतागृह बांधून तयार होतं. तिच्या मापाचे बूट आणि हातमोजे मागवले होते. पळनी अण्णा रोज सकाळी मोठा पंखा तिच्या बाजूला वळवून ठेवायचा. भट्टीचे प्रमुख तंगवेलु यांची जीभ साऱ्या फौंड्रीत प्रसिद्ध होती. मागच्या महिन्यात इळंगो साच्याची पकड आवळायला विसरला आणि लाल लोखंड जमिनीवर वाहत गेलं, तेव्हा त्यांनी त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला होता. मग संध्याकाळी त्याच्याच खांद्यावर हात टाकून कॉफी प्यायला गेले. कयलशी बोलताना मात्र त्यांचा आवाज देवळात असल्यासारखा व्हायचा. "बरं अम्मा." "बघा अम्मा." आईला ती फोनवर सांगायची, मी फार चांगल्या माणसांत पडलेय. आणि ते खरंच होतं.

निरोप आला, तंगवेलूंच्या केबिनमध्ये बोलावलंय. अक्कांनाही.

केबिनमध्ये मोठे साहेब, वरदराजन, स्वतः येऊन बसले होते. पळनी दाराशी टोपी हातात धरून उभा होता. कोपऱ्यात इळंगो होता, पुढच्या पाळीचा म्हणून बोलावलेला. अक्कांनी काय दिसलं ते दोन वाक्यांत सांगितलं. तंगवेलु टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

कयल बोलणी खायची वाट बघत होती. इळंगोच्या वेळचे शब्द तिला आठवत होते आणि त्यांच्यासाठी तिने मन घट्ट केलं होतं. ते शब्द आलेच नाहीत.

"घाबरू नकोस बाळ," वरदराजन म्हणाले. त्यांच्याही मुली होत्या, आवाजात खरी माया होती. "तुला कुणी काही म्हणणार नाही. नोकरीला धक्का नाही, पगाराला नाही. खरं सांगू का, या उन्हाळ्यात भट्टीपुढे मुलीनं उभं राहायचं, हे माझ्याच जिवाला लागून होतं. उद्यापासून तू लॅबमध्ये बस. एसी आहे, स्वच्छ काम आहे. अक्कांना सोबत होईल."

कयलला बोलायचं होतं. नागपट्टिनमच्या बंदरावर तिचे अप्पा होड्यांची इंजिनं दुरुस्त करत. मोडलेला दांडा हातात घेऊन ती लहानपणी विचारायची, हा इथंच का तुटला? अप्पांना सांगता यायचं नाही. त्या एका प्रश्नापायी ती इथवर आली होती. भट्टीचं झाकण पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिनं ते उष्णतेवर ढकललं होतं. हे सगळं या माणसाला कसं सांगायचं? ओरडला असता तर भांडता आलं असतं. मायेनं बोलणाऱ्याशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"तंगवेलु, तुमचं काय म्हणणं?"

"माझी काही तक्रार नाही सर," तंगवेलु कॅलेंडरलाच म्हणाले. "अम्मा कामाला चांगल्या आहेत. तुम्ही म्हणाल तसं."

म्हणजे झालंच. कयलने हातमोजे काढून मुठीत धरले.

"मग ठरलं," वरदराजन अक्कांकडे वळले. "काय अलमेलू, दोन वर्षं माणूस मागताय ना माझ्याकडे? घ्या, चांगली शिकलेली मुलगी देतोय."

"मागत होते," अक्का म्हणाल्या. "आता जागा नाही."

"जागा नाही म्हणजे? दुसरं टेबल रिकामं आहे की."

"त्यावर नवीन कटिंग मशीन येणार आहे."

"ते मी कधी मंजूर केलं?"

"आज कराल."

इळंगोला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. वरदराजन गोंधळले. इतक्या वर्षांत या बाईने त्यांना नाही म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"काही अडचण आहे का?"

"आहे. ही मुलगी मला नको. हिचा हात जड आहे. हिनं पॉलिश केलेल्या तुकड्यावर ओरखडे राहतात."

कयलचे कान तापले. गेल्याच आठवड्यात याच अक्कांनी तिनं पॉलिश केलेला तुकडा उजेडात धरून, यात बघून भांग पाडावा, असं म्हटलं होतं. फौंड्रीत ज्यांच्याकडे ती डबा घेऊन जायची, आईची आठवण आली की जायची, त्या अक्का. भट्टीवरून ती जाणारच होती, पण अक्कांनीही तिला दारातूनच परतवावं, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं.

"मग हिचं मी करू काय?" वरदराजन म्हणाले.

"ते तंगवेलूंना विचारा. चूक त्यांच्या भट्टीवर झाली, माझ्या लॅबमध्ये नाही." अक्का उठल्या, पदर सावरला. "या इळंगोनं लोखंड सांडलं तेव्हा मला कुणी विचारायला आलं नव्हतं, जागा आहे का म्हणून."

आणि त्या निघून गेल्या. पळनीने अंग चोरून त्यांना वाट दिली.

इळंगो लाल झाला होता. तंगवेलूंनी पहिल्यांदाच कॅलेंडरवरून नजर काढली आणि दाराकडे बघितलं.

"पळनी, लॅडल लटकत होती तेव्हा तू काय करत होतास?"

"उभा होतो सर."

"उशीर होतोय हे कळत नव्हतं?"

"कळत होतं सर."

"मग तोंडात काय विडा होता?"

"मॅडमना कसं बोलायचं सर?" पळनी टोपी फिरवत म्हणाला. "बाईमाणसाला चढ्या आवाजात…"

"तिच्या जागी हा इळंगो असता तर काय म्हणाला असतास?"

पळनीने मोठ्या साहेबांकडे चोरून बघितलं. "ते साहेबांसमोर नाही सांगता येणार."

आता वरदराजनही हसले. तंगवेलु मात्र हसले नाहीत. ते उठून उभे राहिले, कयलकडे वळले, आणि त्यांचा देवळातला आवाज गेला.

"आणि तू गं? तीन तीन नमुने? लोखंड ओतत होतीस की त्याचं लग्न जुळवत होतीस, पत्रिका बघून? पहिला आकडा बरोबर आला तेव्हा काय त्यानं तुला हुंडा मागितला? डिग्री दिली कुणी तुला, आहेरात आली का? लटकलेली लॅडल म्हणजे काय, हे माझ्या म्हातारीला कळतं, तिनं उभ्या जन्मात भट्टी बघितली नाही."

"तंगवेलु, जरा हळू," वरदराजन म्हणाले.

"सर, तुम्ही मध्ये पडू नका. एक लॅडल गेली म्हणून लॅबमध्ये बसवायचं तर माझी अर्धी पाळी तिथं बसेल, अक्का बाहेर व्हरांड्यात. ही माझी माणसं आहेत, मी बघतो." ते पुन्हा तिच्याकडे वळले. "उभी काय राहिलीस? सकाळी ओतलेली सगळी कास्टिंग फोडून घे, स्वतः उभं राहून, आणि घाल परत भट्टीत. दुपारची पहिली लॅडल तुझीच. तिथंही असा घोळ घातलास तर बघ मग. पळनी, ही थांबली की ओरडायचं. घसा बसेपर्यंत ओरडायचं. नाही ओरडलास तर तुला लॅबमध्ये पाठवतो."

"हो सर," पळनी म्हणाला. त्याला इतकं बरं वाटलेलं कुणी क्वचितच बघितलं असेल.

कयलच्या डोळ्यांत पाणी आलं. वरदराजनांना वाटलं पोरगी दुखावली. तिला तर त्या शिव्या पुन्हा पहिल्यापासून ऐकायच्या होत्या. ही माझी माणसं आहेत, असं म्हणाले होते ते, आणि त्यात ती होती.

दुपारपर्यंत घण पडत राहिले. फुटलेल्या कास्टिंगचे तुकडे ट्रॉलीत भरताना पळनीने तिला दोनदा दटावलं, पाय मागे घे म्हणून. दोन्ही वेळा ती हसली. अक्कांचे शब्द मात्र अजून सलत होते. हात जड, ओरखडे राहतात. अक्का खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. लोखंडात जे दिसतं तेच लिहायचं, यावर त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. मग हे एक खोटं कशाला? ट्रॉली भट्टीकडे ढकलता ढकलता तिचे हात एकदम थांबले. मागून पळनी ओरडला आणि ती पुन्हा ढकलू लागली.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन लॅबमध्ये गेली. अक्का फिरत्या चाकावर तुकडा धरून उभ्या होत्या. डाव्या हातानं त्यांनी उजवा खांदा दाबून धरला होता. तो कधीपासून दुखत होता. चाकाच्या आवाजात त्यांना ती आल्याचं कळलं नाही.

"अक्का," ती म्हणाली. "माझ्या हातचे ओरखडे राहतात?"

अक्कांनी चाक बंद केलं. "नाही राहत."

"तुम्हाला माणूस हवं होतं."

"हवंच आहे. इळंगोला द्या म्हणते. एसीत खुलेल तो."

कयल हसली, मग तिला हसवेना. ती आभार मानायला आली होती. ट्रॉली ढकलताना शब्दही जुळवून ठेवले होते. अक्कांनी ते ओळखलं असावं, कारण त्या तिच्याकडे न बघता तुकडा पाण्याखाली धुऊ लागल्या.

"मीही भट्टीवरच आले होते," त्या म्हणाल्या. "ही लॅब तेव्हा नवीन होती, जागाच जागा होती. माझ्याही हातून एक लॅडल गेली. तेव्हाचे साहेब यांच्यासारखेच, फार चांगला माणूस. कुणी ओरडलं नाही मला. साहेबांनी स्वतः इथं आणून बसवलं, माझ्यासाठी पंखा लावून घेतला. थोडे दिवस बस म्हणाले."

नळ बंद झाला.

"मी आभार मानले होते त्यांचे."

त्या कडवटपणे बोलत नव्हत्या. पुढे हेही म्हणाल्या, की वाईट काही झालं नाही, घर चाललं, मुलगा शिकला, कामही मनाजोगं होतं. पण कयलने जुळवून आणलेले शब्द तिच्या तोंडून निघेनात. आभार हा शब्द या खोलीत एकदा म्हणून झाला होता. तिने डबा टेबलावर ठेवला, अक्कांच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि चाक सुरू केलं. अक्कांनी तिला अडवलं नाही. खांदा चोळत त्या खुर्चीत बसल्या आणि तिला बघत राहिल्या. आपला डबा त्यांनी उघडला, तिचाही उघडला, पण तिचं होईपर्यंत घास घेतला नाही.

तुकडा आरशासारखा झाला तेव्हा कयलने तो पुसून त्यांच्यापुढे ठेवला आणि हात धुतले. रिकाम्या टेबलापाशी आणखी एक खुर्ची होती. तिने ती ओढायला हात घातला.

"उभ्यानंच खा," अक्का लिंबूभात तिच्याकडे सरकवत म्हणाल्या. "बसलीस की राहशील."

कयलने हात मागे घेतला आणि उभ्यानंच खाल्लं.