दोन, पण दोन काय?

मित्रांनो, मी एक जुना काचेचा जग आहे. पाणी, दूध, सरबत, जे ओताल ते मोजून देणे हे माझे काम. माझी कड एका जागी उडाली आहे. सध्या माझा मुक्काम वेल्सच्या डोंगरातल्या एका गोठ्यात, खिडकीच्या फळीवर असतो.

मी घडलो तेव्हा आमच्या देशाने लिटर नुकतेच कुठे स्वीकारले होते आणि पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे मोठे जुने माप, सोडायला कोणी तयार नव्हते. म्हणून कारखान्यात माझ्या एका अंगावर पाइंटच्या लाल रेघा भाजल्या आणि दुसऱ्या अंगावर लिटरच्या. उजव्या हातात माझा कान धरला की लिटर डोळ्यांसमोर येतात, डाव्या हातात धरला की पाइंट. रेघा दोन्हीकडच्या खऱ्या. देशाचेही तसेच झाले. गाडीत पेट्रोल लिटरने पडते, पबमध्ये बिअर पाइंटने येते आणि कोणाला त्यात काही खटकत नाही.

मला ओल्वेनने विकत आणले. तिच्या संत्र्याच्या मुरंब्याला गावच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले, तेव्हा बक्षिसाची फीत तिने माझ्या गळ्यात बांधली होती. पुढे ओल्वेन गेली. स्वयंपाकघरात विजेचा वजनकाटा आला, माझी कड फुटली आणि माझी रवानगी गोठ्यात झाली.

गोठ्यात मला दोघे वापरत. ओल्वेनचा नवरा इद्वाल डावखुरा, त्याला आयुष्यभर माझे पाइंटच दिसले. त्याची सून नेस्ता उजव्या हाताची, तिला लिटरच. दोघेही नुसता आकडा बोलत. त्यांचे कधी अडले नाही, कारण एकाचे मोजमाप दुसऱ्याने कधी केले नव्हते.

त्या फेब्रुवारीत नेस्ताच्या वासरीला हगवण लागली. नेस्ताने माहेरून आणलेल्या काळ्या गाईचे ते शेवटचे वेत. गाय आता पुन्हा विणार नव्हती. वासरीला क्षारांची पूड पाण्यातून पाजायची होती, आणि नेस्ता नेमकी पलीकडे विताना अडलेल्या दुसऱ्या गाईपाशी गुंतली होती.

"नेस्ता, पुडीला पाणी किती?" इद्वालने विचारले.

"दोन, ताइद!" मुलांचे पाहून तीही सासऱ्याला आजोबाच म्हणे.

"दोनच?"

"दोन म्हटलं ना! आता मला बोलायला लावू नका, वासराचा पाय हाताशी आलाय!"

इद्वालने मला डाव्या हातात धरले आणि दोनच्या रेघेपर्यंत कोमट पाणी भरले. माझ्या दुसऱ्या अंगावर तेच पाणी सव्वा लिटरलाही पोचले नव्हते. क्षार पावणेदोनपट कडक झाले. मला ते दिसत होते, पण जगाला तोंड असते ते ओतण्यापुरते.

दिवसभर तीच मात्रा चालू राहिली. वासरी पाण्याच्या बादलीकडे सारखी धडपडत होती. "हावरट कुठली! पोट बिघडलंय ना तुझं?" असे लाडाने म्हणत इद्वालने बादली उचलून बाजूला ठेवली.

सकाळी वासरी आडवी पडली होती. मान मागे ताणलेली, पाय झटके देत होते. गुरांची डॉक्टर हेलेड धावत आली.

"पुडी किती पाण्यात घातली?"

"दोन," दोघे एकदम म्हणाले.

"दोन काय?"

"लिटर," नेस्ता म्हणाली.

"पाइंट," इद्वाल म्हणाला.

इद्वाल गवताच्या गठ्ठ्यावर बसला. "माझ्याच हातानं पाजलं मी."

"कशाचे दोन, ते मी सांगायला हवं होतं," नेस्ता म्हणाली.

"आणि मी विचारायला."

"दोषाची वाटणी मागाहून करा," हेलेड म्हणाली. "मिठानं तिचं डोकं धरलंय. आता एकदम पाणी पाजलंत तर मेंदू सुजेल. थोडंथोडं द्या, तासातासाला अर्धा लिटर. जास्त नाही."

इद्वालने मला उचलले आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या हातात घेतले. सवय नसलेल्या हातातून थोडे पाणी सांडले. त्याने ते पुन्हा भरले, मला खिडकीशी नेले आणि रेघ डोळ्यांच्या पातळीत आणून पाहिली. "अर्धा लिटर," तो मोठ्याने म्हणाला. "अर्धा लिटर," नेस्ताने पाहून सांगितले. तासातासाला असेच चालले. झटके आधी विरळ झाले, मग थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी वासरी लटपटत उभी राहिली आणि तिने इद्वालची बाही चघळायला घेतली.

"आता किती?" त्याने विचारले.

"दोन लिटर. म्हणजे तुमच्या भाषेत साडेतीन पाइंट."

"माझी भाषा वेल्श आहे, बाई. पण समजलं."

मित्रांनो, माझी फुटकी कड सांभाळा असे मी म्हणणार नाही. एवढेच मागतो : आकडा सांगाल तेव्हा कशाचा, तेही त्याच दमात सांगा. कोणी सांगितले नाही, तर कितीही घाई असो, विचारा. ज्याच्या घशाखाली ते जाणार असते, त्याला विचारता येत नाही.